तिसरी निवड

(ताश्कंदमधल्या ज्यू समाजकेंद्राचं सभागृह. वल्हांडण सणाच्या आधीचा रविवार, दुपारची वेळ. सकाळच्या वर्गाची मुलं आणि त्यांचे आईबाप नुकतेच पांगलेत; थोडी मुलं आतल्या खोलीत संगीताच्या वर्गाला थांबली आहेत. लांब टेबलावर पांढरी चादर, चादरीवर तांदळाचे ढीग. ढिगांपाशी बुलोर आणि नाउम बसले आहेत. दोघांचीही सत्तरी जवळ आलेली. बुलोरला केंद्रात 'अपा' म्हणजे ताई म्हणतात. केंद्राचे कार्यक्रम सांभाळणाऱ्या रेनाने आणलेला एक दाणा बुलोरच्या चिमटीत आहे.)

बुलोर : पोटावर खाच आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ. नखाला लागते. तांदळाला रेघ असते, डाग असतो, कधी तांबूस पट्टा असतो. खाच नसते. हा गहू आहे, रेना.

रेना : अपा, चार वर्षांच्या शोशानाने हेच एका वाक्यात सांगितलं. म्हणाली, "बाई, ह्या तांदळाला ढुंगण आहे."

नाउम : पोरगी नाव काढणार. जन्मभर वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली, पण इतकं नेमकं वाक्य माझ्या हाताखालून गेलं नाही.

बुलोर : नेमकंच आहे. बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत नव्या मुलींना आम्ही हेच शिकवायचो, जरा सभ्य शब्दांत. कुठल्या ढिगात सापडला? मुलांच्या की मोठ्यांच्या?

रेना : ढिगात नाही, अपा. पिशवीत.

बुलोर : कुठल्या पिशवीत?

रेना : निळ्या दोऱ्याच्या.

नाउम : चहा घ्यायचा का कोणी? किटली अजून गरम आहे.

बुलोर : थांबा, नाउम ल्वोविच. निळा दोरा म्हणजे माझी पिशवी. माझ्या हातून बांधून झालेली. ती उघडली कोणी?

रेना : संगीताच्या बाईंनी. खुळखुळ्यांत भरायला काही मिळेना, म्हणून एक पिशवी सोडली. मी नको म्हणेपर्यंत अर्धी पिशवी डब्यांत गेली होती.

बुलोर : तिसरी निवड झालेला तांदूळ खुळखुळ्यांत?

रेना : सांगितलं मी त्यांना. मुलांची पहिली निवड, संध्याकाळच्या वर्गातल्या मोठ्यांची दुसरी आणि अपांची तिसरी. अपांचा निळा दोरा बांधला गेला की त्या पिशवीकडे रब्बीसुद्धा वळून बघत नाहीत. त्या म्हणाल्या, "मग तर आवाज अगदी स्वच्छ येईल."

नाउम : बाईंना विनोद जमतो. गाणं जमत नाही, पण विनोद जमतो.

बुलोर : हा दाणा पोरांपैकी कोणाच्या तरी खिशातून पडला असणार.

रेना : खिसे दारातच उलटे करून झटकले होते. तुम्हीच उभ्या होतात. एका बापाची बिस्किटं जप्त केलीत, तो बिचारा अजून हळहळत असेल.

बुलोर : मग बाहीतून. लोकरीला दाणे चिकटतात.

नाउम : माझ्याकडूनच गेला असेल. परवा तुमच्या निवडलेल्या ढिगाजवळ मी माझं ताट ठेवलं होतं. कोपर लागलं असेल.

बुलोर : तुमचं कोपर इतकं निष्काळजी कधीपासून झालं? तुम्ही तर चहाच्या पेल्याखालची बशीसुद्धा मध्यभागी सरकवता.

नाउम : वय झालं आता.

रेना : बरं, एक दाणा निघाला ना? संपलं. मला दुसरं काम आहे आणि ते ह्याहून अवघड आहे. पंगत मांडायची आहे. नेहमीसारखी दोन टेबलं, भाताचं खिडकीकडे, बटाट्याचं भिंतीकडे. सगळ्यांच्या जागा ठरल्या. तुम्ही दोघंच लटकलाय.

बुलोर : आमचं काय ठरायचंय? दरवर्षी जिथे बसतो तिथे बसू.

रेना : म्हणजे तुम्ही खिडकीच्या टोकाला, काका भिंतीच्या टोकाला, आणि मध्ये आम्ही बाकीचे संध्याकाळभर माना वळवून बघत बसायचं, कोण कोणाकडे बघतंय ते! शेजारचे वाखितआका गेल्या वर्षी पाहुणे म्हणून आले होते. मला विचारत होते, ह्या दोघांचं भांडण झालंय का?

नाउम : तू काय सांगितलंस?

रेना : म्हटलं, भांडण नाही, लग्न अडलंय. भातावरून.

नाउम : वाखितआकांना पटलं?

रेना : लगेच. म्हणाले, आमच्याकडेही पुलाव कोणाच्या हातचा, ह्यावरून दोन सोयरिकी मोडल्यात.

बुलोर : रेना, हा चेष्टेचा विषय नाही. आम्ही बुखारी लोक वल्हांडणाचे आठही दिवस भात खातो. गहू वर्ज्य, पाव वर्ज्य, पण तांदूळ चालतो. मात्र तीनदा निवडून, गव्हाचा एकही दाणा राहू न देता. ह्यांचे पूर्वज युरोपातले. त्यांच्यात तांदूळही वर्ज्य.

नाउम : आमच्या पूर्वजांनी विचार केला, तीनदा निवडत कोण बसणार? तांदूळच बंद करू. आळशी माणसांचा धर्म फार कडक असतो, पोरी.

बुलोर : आणि नियम असा की लग्न झालं की बाईने नवऱ्याची रीत धरायची. मी जन्मल्यापासून वल्हांडणाला हिरवा भात खातेय. कोथिंबीर, कलेजी, सगळं पिशवीत बांधून शिजवलेलं. ह्या वयात आठ दिवस बटाटा खाऊ?

नाउम : बटाट्याला इतकं तुच्छ लेखू नका. पहिल्या दिवशी उकडलेला. दुसऱ्या दिवशी कुस्करलेला. तिसऱ्या दिवशी किसून तळलेला. पुढे पुढे माणूस आणि बटाटा एकमेकांना न बोलता समजून घेतात.

रेना : आमच्या घरी उलटं झालं. बाबा भातवाले, आई बटाटेवाली. लग्नाच्या पहिल्या वर्षी आजीने आईपुढे भाताचं ताट ठेवलं. आई म्हणते, पहिला घास घेताना डोळ्यांत पाणी आलं, आणि तिसऱ्या घासाला कळलं की आपण इतकी वर्षं उगाच उपाशी राहिलो.

नाउम : ही गोष्ट तुझ्या आईने आमच्या टेबलावर सांगू नये, एवढी विनंती आहे. दोन-चार जण फितूर होतील.

रेना : विषय बदलू नका, काका. तुम्ही विचारून तीन वल्हांडणं झाली. ह्याच टेबलावर विचारलंत, मी त्या कोपऱ्यात खुर्च्या रचत होते. अपा म्हणाल्या, "सण होऊन जाऊ दे, मग सांगते." सण झाला, आणखी दोन झाले. आता चौथा आलाय. अपा, सांगा ना.

बुलोर : मी अजून विचार करतेय.

रेना : एवढ्या विचारात प्रयोगशाळेत गव्हाची नवी जात निघाली असती!

बुलोर : ती निघायला जास्त वेळ लागतो.

रेना : आणि काका, तुम्ही! अक्षरओळखीच्या पहिल्या वर्गात चौथ्यांदा नाव घातलंत. हिब्रू शिकवणारा पोरगा माझ्याकडे येऊन रडला. म्हणाला, "ते आलेफ-बेत माझ्याहून सुंदर लिहितात, आणि परीक्षेत मुद्दाम नापास होतात."

नाउम : पाया पक्का असावा माणसाचा.

रेना : पाया कसला, बाक पक्का करताय. अपा त्याच बाकावर बसतात. अपाही दुसऱ्या वर्गात जात नाहीत. बाकीचे मोठे पुढे गेले, वाचायला लागले. एकाने तर नातवाच्या मुंजीसारख्या समारंभात उभं राहून अख्खा उतारा म्हटला. आणि आमचे दोन हुशार विद्यार्थी चौथ्या वर्षीही "हे कोणतं अक्षर?"

बुलोर : दुसऱ्या वर्गाचं पुस्तक मला आवडत नाही.

रेना : का?

बुलोर : छपाई वाईट आहे.

नाउम : फारच वाईट. मी ह्या धंद्यातला, मला विचार. शाई फिकी, अक्षरं मुंगीएवढी. ते पुस्तक छापणाऱ्याला तुरुंगात टाकायला हवं.

बुलोर : तुम्ही ते पाहिलंत कधी?

नाउम : ओझरतं.

रेना : आणि हो, अजून एक. ह्या वर्षी लोक कुरकुरताहेत. बाजारात तांबूस देवझिरा तांदूळ मुबलक होता, तरी अपांनी पांढरा तांदूळ घ्यायला लावला. बाबा म्हणाले, देवझिऱ्याशिवाय हिरवा भात म्हणजे सासऱ्याशिवाय लग्न. चालतं, पण मजा नाही.

बुलोर : देवझिरा महाग आहे.

रेना : पांढराही त्याच भावाने मिळाला. मीच आणला की.

बुलोर : देवझिऱ्याला धूळ फार असते.

नाउम : फार. मला शिंका येतात.

रेना : काका, तुम्ही आज दर वाक्याला अपांच्या मागे का धावताय? बघा, आतून ढोलकं वाजायला लागलं. कोणीतरी खुळखुळा फोडला वाटतं. मी येते जाऊन. तोवर दोघांनी ठरवा, खिडकी की भिंत. नाहीतर मी तुम्हाला दारात बसवीन, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांत!

बुलोर : गेली?

नाउम : गेली. दार उघडंच टाकून.

बुलोर : लोटून घ्या.

नाउम : घेतलं. चहा?

बुलोर : नको. बसा. तुम्ही तुमच्या रोजच्या खुर्चीवर नाही, इथे समोर बसा. नाउम ल्वोविच, देवझिऱ्याने तुम्हाला शिंका येत नाहीत. मागच्या हिवाळ्यात तुम्ही माझ्याकडे दोन ताटं पुलाव खाल्लात. देवझिऱ्याचाच होता.

नाउम : शिजवल्यावर येत नाहीत.

बुलोर : आणि दुसऱ्या वर्गाच्या पुस्तकाची छपाई चांगली आहे. रेनाच्या टेबलावर ते उघडून मी खिडकीशी नेऊन पाहिलं. अक्षरं काळीभोर आहेत. मला ती एकमेकांत मिसळलेली दिसतात.

नाउम : हं.

बुलोर : "हं" म्हणजे? तुम्हाला आश्चर्य वाटलं नाही.

नाउम : वाटतंय. माझा चेहरा सावकाश आश्चर्य दाखवतो.

बुलोर : आता ही पिशवी हातात घ्या. दोरा बघा. मी दोरा दोन वेढे देऊन गुंडाळते आणि गाठ डावीकडून काढते. प्रयोगशाळेत नमुन्यांच्या पिशव्या तशाच बांधायचो. मध्ये कोणी उघडली तर कळावं म्हणून.

नाउम : चांगली पद्धत आहे.

बुलोर : गेल्या वर्षी सणाच्या आदल्या दिवशी कपाट उघडलं आणि पिशव्यांवरून सहज हात फिरवला. सगळ्या गाठी उजवीकडून होत्या. त्याच्या आदल्या वर्षीही तेच.

नाउम : म्हणजे तुम्हाला माहीत होतं?

बुलोर : बोटांना कळलं. बोटं अजून चांगली आहेत.

नाउम : आणि मला वाटत होतं, काय हुबेहूब गाठी मारल्यात मी! घरी बुटाच्या नाडीवर सराव केला होता.

बुलोर : तुम्ही माझ्या पिशव्या सोडून पुन्हा निवडत होतात.

नाउम : सोमवारी सकाळी. केंद्र उघडायच्या आधी. चौकीदाराला सांगितलं होतं, बायकोची आठवण येते, एकटं बसायचंय. ते अगदीच खोटं नव्हतं. तिची आठवण येतेच, फक्त त्यासाठी तांदळाची गरज लागत नाही.

बुलोर : किती सापडले?

नाउम : थोडे.

बुलोर : थोडे म्हणजे किती?

नाउम : थोडे म्हणजे थोडे. आकडे तुमचं खातं आहे, बुलोर इल्याएवना. मी शब्दांचा माणूस. पहिल्या वर्षी अगदीच थोडे. गेल्या वर्षी जरा बरे थोडे.

बुलोर : कोणाच्या ताटात गेला नाही ना एकही?

नाउम : एकही नाही. ह्याची मी शपथ घेतो. ते सगळे मागच्या अंगणात चिमण्यांना टाकले. वल्हांडण आपल्याला आहे, चिमण्यांना नाही. आणि ह्या वर्षीच्या पिशव्या अजून कपाटातच आहेत. खुळखुळेवाल्या बाई माझ्याआधी पोचल्या, एवढंच.

बुलोर : मला सांगितलं का नाहीत?

नाउम : आमच्या धंद्यात एक रीत असते. लेखक मोठा असला की त्याची चूक चारचौघांत दाखवायची नाही. रात्रपाळीत गुपचूप दुरुस्त करायची. सकाळी तो आपलाच लेख वाचून खूश होतो.

बुलोर : वाईट रीत आहे. चूक करणाऱ्याला चूक कळली नाही, तर तो पुढच्या वेळी त्याहून मोठी करतो. ह्या गावातली चाळीसेक घरं माझा निळा दोरा बघून डोळे मिटून जेवतात. ज्या दिवशी मला दाणा दिसेनासा झाला, त्या दिवशी मी उठून सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. देवझिऱ्याच्या तांबड्या रेघांत गहू ओळखू येईना, म्हणून पांढरा तांदूळ घ्यायला लावला. आणि आज एका चार वर्षांच्या पोरीला दिसलेला दाणा मी कोणाच्या तरी बाहीवर ढकलला.

नाउम : तुम्ही ढकललात आणि मी कोपर पुढे केलं. दोघंही सारखेच.

बुलोर : तुम्ही का केलंत?

नाउम : काय?

बुलोर : तुम्ही तांदूळ खात नाही. दरवर्षी पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत इथे येऊन मान मोडेस्तोवर तांदूळ निवडता, जो तुमच्या ताटात कधी पडणार नाही. वर सोमवारी चोरून पुन्हा निवडता. का?

नाउम : हा प्रश्न तुम्ही शास्त्रज्ञ असून विचारताय?

बुलोर : उत्तर ऐकायचंय.

नाउम : मग ऐका. दरवर्षी भिंतीकडच्या टेबलावरून मी तुम्हाला जेवताना बघतो. तुम्ही पहिला घास घेण्याआधी भाताच्या ताटाकडे जरा वेळ बघता. सगळं ठीक आहे ना, असं. आणि मग निश्चिंत होऊन जेवता. ती निश्चिंती खरी असावी, एवढंच मला हवं होतं. माझ्या बटाट्याला त्याने चव येते.

बुलोर : मी वाट बघत होते.

नाउम : कशाची?

बुलोर : तुम्ही बोलायची. गाठी उजवीकडून दिसल्या तेव्हा मला वाटलं, आता हे म्हणतील, "बुलोर इल्याएवना, तुम्हाला दिसत नाही." मग मी म्हणेन, "नाही दिसत." आणि तुम्ही आपला प्रश्न सभ्यपणे मागे घ्याल.

नाउम : आणि मी वाट बघत होतो की तुम्ही मला सांगाल. डॉक्टरांना दाखवा म्हणण्याचा मला हक्क तरी कुठला होता? शेजारच्या बाकावरचा नापास विद्यार्थी मी.

बुलोर : दाखवलंय.

नाउम : कधी?

बुलोर : शरद ऋतूत. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरीण तरुण आहे, पण बोलते नीट. म्हणाली, फार काही नाही, काढून टाकू. तारीख दिली. मी ती पुढे ढकलली. मग पुन्हा ढकलली.

नाउम : घाबरलात?

बुलोर : सुरीला नाही. तिने विचारलं, "त्या दिवशी बरोबर घरचं कोण येणार?" मी म्हटलं, बघते. मुलगी क्वीन्समध्ये आहे. तिला कळवलं तर ती दुसऱ्या दिवशी विमानात बसेल, दोन लेकरं आणि नोकरी टाकून. दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत मी त्याच प्रश्नाचा विचार करत होते. घरचं कोण.

नाउम : माझं नाव आलं नाही मनात?

बुलोर : तेच तर आलं. म्हणूनच तारीख ढकलली. नाउम ल्वोविच, माझे यजमान रफोएल आजारी पडले ते तुम्ही पाहिलंत. शेवटच्या वर्षांत मी त्यांना हाताला धरून न्हाणीघरात न्यायची. मी कधी तक्रार केली नाही, पण धरणाऱ्याच्या हाताचं काय होतं ते मला माहीत आहे. ऑपरेशन बिघडलं तर तो हात मी तुमच्या अंगावर टाकणार? एका भल्या माणसाने शहाण्या, तीक्ष्ण नजरेच्या बाईला लग्नाचं विचारलं होतं. आता तीच बाई राहिली नाही.

नाउम : कोणी सांगितलं, मी नजरेला विचारलं होतं म्हणून?

बुलोर : चेष्टा नको.

नाउम : नाही करत. दोन वर्षं तुम्ही जी पिशवी बांधता, ती मी सोडतो, निवडतो, पुन्हा बांधतो. तुमच्याशी संसार म्हणजे काय, ह्याची मला बऱ्यापैकी कल्पना आली आहे. आणि मला तो जमतो. फक्त गाठ शिकवा.

बुलोर : आणि भात?

नाउम : भाताचं मी पहिल्याच वर्षी रब्बींना विचारलं होतं.

बुलोर : काय विचारलं होतं?

नाउम : बायकोला नवऱ्याची रीत धरायलाच हवी का. ते म्हणाले, नवऱ्याने मनापासून मोकळीक दिली तर तिने माहेरच्या रीतीने खुशाल खावं. चूल एक, पातेली दोन. तिचा भात, तुझा बटाटा.

बुलोर : तीन वर्षं हे पोटात ठेवलंत?

नाउम : ठेवलं.

बुलोर : मी प्रत्येक वेळी भाताचं कारण सांगत होते, आणि तुम्ही मान हलवत होतात!

नाउम : मला वाटलं, भात काढून घेतला तर तुम्हाला दुसरं कारण शोधावं लागेल. आणि ते कारण कदाचित मीच असेन. त्यापेक्षा भात राहिलेला बरा. भात मला चालत होता.

बुलोर : तुम्ही वल्हांडणात पहिल्यांदाच तांदळाचा उपयोग केलात.

नाउम : हा विनोद होता का, बुलोर इल्याएवना? तुमचा?

बुलोर : पाण्याचा पेला द्या.

नाउम : रडताय?

बुलोर : नाही. डोळे आहेत, पाझरतात. मोतीबिंदूत होतं तसं.

नाउम : होतं का?

बुलोर : नाही होत. पेला द्या.

रेना : येऊ का आत? ढोलकं शांत केलं, पण तीन खुळखुळे गेले. जमिनीवर तांदूळच तांदूळ... हे काय? दोघांचे चेहरे असे का? अपा? काका, तुम्ही काय बोललात त्यांना?

बुलोर : तू बस, रेना. नको, उभी राहा, मला हे उभ्याने ऐकवायचंय. कपाटातल्या निळ्या दोऱ्याच्या सगळ्या पिशव्या काढ आणि सोड.

रेना : सगळ्या? अपा, एका दाण्यावरून?

बुलोर : एका दाण्यावरून अख्खा माल नापास होतो. तीच पद्धत आहे. माझी तिसरी निवड ह्या वर्षी धरायची नाही. मला दाणा दिसत नाही. दोन वर्षं दिसत नाही. घराघरांत कळव, मी सांगितलंय म्हणून कळव. गेली दोन वर्षं कोणाच्या ताटात काही गेलं नाही, तेही सांग. कारण माझ्यामागून ह्यांनी सगळं पुन्हा निवडलं होतं.

रेना : ह्यांनी? नाउमकाकांनी? म्हणजे सोमवारी सकाळी चौकीदार म्हणतो ते... मी समजत होते काका इथे येऊन चोरून बटाटे उकडतात!

नाउम : लोकांचा माझ्याबद्दल किती उच्च समज आहे.

बुलोर : ह्या वर्षी तिसरी निवड नाउम ल्वोविच करतील. मी शेजारी बसेन आणि गाठी घालीन. ह्यांच्या गाठी फार वाईट आहेत.

रेना : पण अपा, बटाटेवाल्या माणसाने आमचा भात पास करायचा? बाबांना काय सांगू?

नाउम : बाबांना सांग, ज्याला तो खायचाच नाही त्याच्याइतका निःपक्षपाती तपासनीस त्यांना अख्ख्या ताश्कंदात मिळणार नाही.

रेना : हे पटेल त्यांना. थोडी बडबड करतील, पण पटेल. अपा, तुमचे डोळे... मी एवढी बडबडी, आणि माझ्या लक्षात आलं नाही. पुस्तक, देवझिरा... बाई गं! आणि मी वर चेष्टा करत बसले.

बुलोर : चेष्टा चांगली होती. सासऱ्याशिवायच्या लग्नाची. पुढच्या वर्षी देवझिराच आण.

रेना : आणीन. पोतं भरून आणीन. पण पंगतीचं आज संपवू द्या मला, स्वयंपाकघरातल्या बायका खोळंबल्यात. तुम्हाला खिडकीकडे मांडू की भिंतीकडे? काका, तुम्ही तरी बोला.

नाउम : मी तीन वर्षांपूर्वीच बोललोय, पोरी. माझी पाळी संपली.

बुलोर : पंगत नंतर. आधी मंगळवार. मंगळवारी सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात माझी तारीख आहे, ती मी उद्या तिसऱ्यांदा ढकलणार होते. नाउम ल्वोविच, तुम्ही माझ्याबरोबर चला.

नाउम : येतो. चांगला कोट घालून येतो. पण तुमच्या त्या डॉक्टरीणबाईंनी दारातच विचारलं, "आपण ह्यांचे कोण?" तर मी काय सांगू?

रेना : अपा...

बुलोर : नवरा म्हणून सांगा.